वॅगनआर सीएनजी, स्विफ्ट पेट्रोल की टियागो ईव्ही? पुण्यात राहणाऱ्यांसाठी

आठ-दहा लाखांचं बजेट असेल आणि गाडी बहुतेक वेळ पुण्यातच फिरणार असेल तर शेवटी याच तीन गाड्यांवर गाडी अडते. गाडीवेड्या मित्राला विचारलंत तर तो म्हणणार स्विफ्ट घे, ईव्हीला जीव नाही आणि सीएनजी म्हणजे रिक्षा. मीही त्याच जातीचा, पण संध्याकाळी 7 ला हिंजवडीतून वाकडच्या पुलाकडे येऊन बघा, तिथे कसलं हँडलिंग आणि कसला गिअरबॉक्स, नुसता क्लच दाबून दाबून डावा पाय दुखतो.

अशा ट्रॅफिकमध्ये खरी मजा टियागो ईव्हीचीच येते. मोठ्या बॅटरीच्या मॉडेलची ताकद साधारण 75 पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच), आकडा छोटा वाटतो, पण सिग्नल सुटला की पिकअप पहिल्या इंचापासून मिळतो, गिअर नाही, आवाज नाही. नवले पुलाच्या उतारावर रीजन (अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मोटरच गाडीला ब्रेक लावते आणि बॅटरी थोडी भरते) वाढवून ठेवलं की ब्रेकवर पाय फार ठेवावाच लागत नाही. रेंजचं मात्र कंपनीचं ऐकू नका. 24 किलोवॅट-अवरच्या (म्हणजे 24 युनिटच्या) बॅटरीला 2022 मध्ये 315 किमी सांगितलं होतं, तो टेस्टमधला आकडा, शहरात एसी लावून 190-200 धरा, हायवेला 90-100 च्या स्पीडने अजून कमी.

स्विफ्टचं स्टिअरिंग अजूनही या बजेटमधलं सगळ्यात गोड. पण 2024 च्या नव्या मॉडेलमध्ये चारऐवजी तीन सिलिंडरचं इंजिन आलं, ताकद 90 वरून 82 पीएसवर आली, इंजिन जोरात फिरवायला जुन्यासारखी मजा नाही. रविवारी पहाटे ताम्हिणी घाटात जायचं असेल तर तरीही हीच घ्या. वॅगनआर सीएनजीबद्दल काय बोलायचं, चढाला एसी बंद करावासा वाटतो आणि डिकीत सिलिंडर, बॅगा मागच्या सीटवर. आई-बाबांना चढाउतरायला मात्र हिच्याइतकी सोयीची दुसरी नाही.

आता पैशाचं. महिन्याला 1000 किमी फिरता, पेट्रोल 105, सीएनजी 90, वीज 12 रुपये युनिट धरू. स्विफ्ट शहरात 15 चं मायलेज देईल, म्हणजे 7000 रुपये. वॅगनआर किलोला 24 देईल, साधारण 3750. टियागो एका युनिटला 8 किमी, 125 युनिट, 1500 रुपये. सीएनजीच्या रांगेत गेलेला वेळ यात धरलेला नाही. घेताना महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के रोड टॅक्स, ईव्हीला माफ. शिवाय 2025 च्या राज्याच्या धोरणात ईव्हीला मुंबई एक्सप्रेसवेचा टोलही माफ केलाय. फक्त 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, ईव्हीला आधीपासून 5 आहे, त्यामुळे किमतीतला फरक आधीइतका राहिला नाही.

पण हे सगळं तुमच्या पार्किंगवर येऊन थांबतं. सदाशिव पेठेत रस्त्यावर गाडी लावत असाल तर ईव्हीचा विषय इथेच सोडा, पब्लिक चार्जरवर रोज अवलंबून राहणं म्हणजे नवीन नोकरी. सोसायटीत स्वतःचं पार्किंग असेल तर आधी कमिटीची एनओसी, मग तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत जाड वायर, वेगळा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि 15 अँपिअरचा पॉइंट. अर्थिंग नीट करून घ्या, ते खराब असलं की चार्जर लाल दिवा लावून गप्प बसतो आणि लोक गाडीला शिव्या घालतात. रात्री लावली की सकाळी फुल, पुरे.

दर महिन्याला कोल्हापूरला जाणं असेल तर ईव्हीचा विचार करा नीट. सव्वादोनशे किमीसाठी मध्ये एक थांबा घ्यावाच लागतो आणि या गाडीचं फास्ट चार्जिंगही फार फास्ट नाही, 10 ते 80 टक्क्यांना जवळपास तास. चहा-मिसळीत निघतो, पण पुढे दोन गाड्या रांगेत असल्या की बोंब.

माझं मत विचाराल तर पार्किंगमध्ये पॉइंट मिळत असेल तर टियागो ईव्ही, डोळे मिटून. नसेल आणि ड्रायव्हिंगची आवड असेल तर स्विफ्ट मॅन्युअल, एएमटी (क्लचशिवायचा ऑटोमॅटिक गिअर) नको. रनिंग महिन्याला दीड-दोन हजार किमीच्या पुढे असेल तरच वॅगनआर सीएनजी. सेकंडहँड ईव्ही बघत असाल तर बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1.6 लाख किमी असते, ती नवीन मालकाच्या नावावर चालू राहते का हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या, मगच टोकन द्या.