लोकलमधलं हँडल हाताने हलवायचं की गणिताने?

अ‍ॅनिमेशन शिकायचंय, पण क्लास लावून सॉफ्टवेअर शिकू की त्यामागचं गणित आणि कोडिंग? यात अडकला असाल तर संध्याकाळी दादरहून लोकल पकडा आणि वर बघा. (गर्दीत खाली बघता येत नाहीच.) ब्रेक लागला की हँडलांची अख्खी रांग पुढे झुकते, मागे येते, हळूहळू शांत होते. हे स्क्रीनवर आणायचंय असं धरू.

क्लासचा रस्ता कीफ्रेमचा, म्हणजे मोजक्या फ्रेमवर पोझ हाताने लावायची. हँडल म्हणजे लोलकच. २५ सेंटीमीटरच्या लोलकाला पूर्ण झोक्यासाठी साधारण १ सेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर २४ फ्रेम. एका टोकाची पोझ १ल्या फ्रेमवर, दुसऱ्या टोकाची १३व्या, परत पहिली २५व्या. मधलं सॉफ्टवेअर भरतं, पण टोकाशी हँडल किती रेंगाळणार हे ग्राफ एडिटरमध्ये (तिथे हालचाल आलेखासारखी दिसते) कर्व्ह ओढून तुम्हीच ठरवायचं. याने नजर तयार होते, आणि ती दुसरीकडे मिळत नाही. पण हँडलं ४० असली आणि ब्रेक २ सेकंद आधी हवा झाला, की बसा परत. कॉपी-पेस्ट केलंत तर शाळेतली कवायत दिसते.

गणिताचा रस्ता: दर फ्रेमला कोनावरून त्वरण काढा, त्याने वेग बदला, वेगाने कोन बदला. पायथन कोडच्या ३०-४० ओळी. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात पायथन चालतं. माझी हँडलं मात्र पहिल्यांदा शांत होण्याऐवजी जास्तच उसळली आणि छताला जाऊन भिडली. त्वरण काढल्यावर मी आधी जुन्या वेगाने कोन सरकवत होतो आणि मग वेग बदलत होतो. त्यामुळे दर पावलाला थोडी फुकटची ऊर्जा वाढत होती. दोन ओळींची अदलाबदल केली आणि प्रकरण मिटलं. ते कळायला शनिवार-रविवार गेला! आता ब्रेकची वेळ म्हणजे एक आकडा. पण 'कोपऱ्यातलं हँडल जरा आळसावलेलं वाटू दे' म्हटलं की समीकरण गप्प, आणि कीफ्रेमवाला पाच मिनिटांत करून देतो.

बारावी सायन्सचं गणित इथे खरंच कामाला येतं. हँडलाखालच्या प्रवाशाचं मनगट दांड्याला टेकवायचं तर कोपराचा कोन कोसाइन नियमातून निघतो. हात मध्येच विचित्र गिरकी घेतो, त्यावरचा उपाय, क्वाटर्नियन (फिरणं चार आकड्यांत मांडायची पद्धत), गणिती हॅमिल्टनने १८४३ मध्येच शोधला होता. केन शूमेकने १९८५ मध्ये तो अ‍ॅनिमेशनवाल्यांना वापरून दाखवला.

पवईला आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात अ‍ॅनिमेशनचं एम.डेस. (डिझाइनची मास्टर्स पदवी) आहे, प्रवेश सीड या प्रवेश परीक्षेतून. तो डिझाइनचा कोर्स आहे. अल्गोरिदमसाठी तिकडे जाऊ नका.

माझं मत विचाराल तर: चित्रकला चांगली असेल तर आधी कीफ्रेम, कोडिंग मागाहून, तेही रिगिंगकडे (पात्राला हलवता येईल असा सांगाडा बसवण्याकडे) ओढा असेल तरच. इंजिनिअरिंगवाल्यांनी कोडपासून सुरुवात करावी, पण दोन महिने हाताने कीफ्रेम लावाव्यातच. नाहीतर आपली हँडलं बरोबर हलतायत की नाही हेच दिसत नाही.

आणि क्लासची फी भरण्याआधी एवढं विचारा: ग्राफ एडिटर किती दिवस शिकवता? 'ते सॉफ्टवेअर आपोआप करतं' असं उत्तर आलं तर सरळ पुढची लोकल पकडा.