डेमोत वाजलेली सुई घरी आलीच नाही

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी शूअर कंपनीचं व्ही-१५ टाइप फाइव्ह एमआर हे कार्ट्रिज, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरच्या हाताच्या टोकाला बसणारा सुईचा भाग, ३८,००० रुपयांना घेतलं. घरी आलं ते कार्ट्रिजचं अंग आणि एक भलतीच सुई. ज्या सुईसाठी एवढे पैसे मोजले, ती विकणाऱ्याच्या घरीच राहिली. हे माझ्या लक्षात यायला पाच आठवडे लागले. एवढा वेळ का लागला तेच मुख्यतः सांगायचं आहे, कारण फसवणूक तिथेच झाली.

आमच्याकडे वडिलांच्या वेळचं व्ही-१५ टाइप थ्री आहे. १९७६ साली अमेरिकेहून येताना काकांनी आणलेलं. मूळ सुई अजून शाबूत आहे, कारण वडील ती फक्त रविवारी वापरायचे. व्ही-१५ ही शूअरची सगळ्यात वरची मालिका. पहिलं १९६४ साली आलं, टाइप थ्री १९७३ ला, टाइप फोर १९७८ ला आणि टाइप फाइव्ह ऐंशीच्या दशकात. त्यातल्या एमआर आवृत्तीच्या सुईचं टोक मायक्रोरिज घाटाचं, म्हणजे कडेला अगदी बारीक धार असलेलं. ते ज्या दांडीवर बसतं, ती कँटिलिव्हर बेरिलियमची पोकळ नळी. टाइप थ्रीची दांडी ॲल्युमिनियमची आणि टोक लंबगोल.

हा फरक आपल्या संगीताला फार लागू पडतो. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर वेगाने सरकते. लेबलजवळ येईपर्यंत तो वेग २१-२२ वर येतो. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो आणि जाड टोक त्या वळणांत शिरू शकत नाही. आता आपल्या एलपीवर काय असतं बघा. विलंबित बाहेरच्या कडेला सुरू होतं, आणि द्रुत, त्यातल्या ताना, तिहाया, सगळं नेमकं लेबलच्या अलीकडे येतं. पाश्चात्त्य गाण्यांच्या तबकडीत शेवटी एखादं संथ गाणं ठेवून भागवता येतं, आपल्याकडे राग वाढतच जातो. किशोरीताईंची एक एलपी टाइप थ्रीवर ऐकताना शेवटच्या तीन मिनिटांत तानेचे स्वर एकमेकांत मिसळतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. नव्या आवृत्तीवर ते सुटे होतात का, एवढं मला एकदा ऐकायचं होतं.

शूअरने २०१८ साली कार्ट्रिजचा व्यवसायच बंद केला. त्यामुळे आता मिळतं ते कुणाच्या तरी कपाटातलं. जुन्या वस्तूंच्या एका जाहिरातीवरून मुंबईच्या उपनगरातल्या एका गृहस्थांशी बोलणं झालं. "साहेब, या, ऐका, पटलं तरच घ्या," असं ते म्हणाले. पुण्याहून गाडीने गेलो, जाताना तीच एलपी बरोबर नेली.

त्यांच्या घरी जे ऐकलं ते खरं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. शेवटच्या तीन मिनिटांतली तान दाणा दाणा मोजता यावा अशी सुटी ऐकू आली. वडील असते तर, असं मनात आलं आणि डोळे भरून आले. त्या गृहस्थांनीही ते पाहिलं असणार. ५,००० रुपये आगाऊ यूपीआयने दिलेले होते, उरलेले ३३,००० तिथेच रोख दिले. आवडलं नाही तर आठ दिवसांत परत घेऊ, असं ते तोंडी म्हणाले.

मग पॅकिंग. इथे नीट लक्ष द्या. या प्रकारच्या कार्ट्रिजची सुई दोन बोटांत धरून पुढे ओढली की निघते, स्क्रू नाही की काही नाही. अंगात फक्त तारेची वेटोळी. चुंबक, कँटिलिव्हर आणि हिरा हे सगळं त्या निघणाऱ्या भागात असतं. ते म्हणाले, "प्रवासात सुई मोडायला नको, वेगळ्या डबीत देतो." सुई काढून आतल्या खोलीत डबी आणायला गेले, परत आले ते डबी बंद करतच. तोवर त्यांच्या घरच्यांनी चहा आणून ठेवला होता. मी डबी उघडून पाहिली नाही. दहा मिनिटांपूर्वी आपल्याच कानांनी ऐकलेली सुई परत का तपासायची?

घरी लावलं तर तान पुन्हा चिकटलेली, वर 'स' आणि 'श' फुत्कारल्यासारखे. फोन केला. त्यांनी विचारलं, "वजन किती ठेवलंत?" टाइप फाइव्हच्या पुढे एक छोटा ब्रश असतो. तो तबकडीवर टेकून स्वतः अर्धा ग्रॅम उचलतो. म्हणून सुईवर १ ग्रॅम हवा असेल तर टोनआर्मवर, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या हातावर, दीड लावावा लागतो. हे अगदी खरं आहे. मी एकच लावला होता. दीड केला, थोडा फरक पडल्यासारखं वाटलं. चार दिवसांनी पुन्हा फोन. आता म्हणाले, "केबल बदला. टाइप थ्रीला ४०० ते ५०० पिकोफॅरड लागतात, फाइव्हला २५० च्या आसपास. तुमची जुनी वायर जास्त देतेय." हेही खरं! पिकोफॅरड हे कपॅसिटन्सचं, म्हणजे वायर किती विद्युतभार साठवते त्याचं माप. मी कमी कपॅसिटन्सची नवी केबल मागवली. ती यायला नऊ दिवस गेले. मग अलाइनमेंट, म्हणजे कार्ट्रिजचा कोन जुळवणं, मग "नवी आवृत्ती आहे, चाळीस तास वाजू द्या, खुलेल".

ते चाळीस तास सोडले तर त्यांनी मला फोनवर एकही तांत्रिक थाप मारली नाही. जुन्या आणि नव्या आवृत्तीतला प्रत्येक खरा फरक त्यांनी वेळ काढायला वापरला. मी दर वेळी स्वतःच्याच जोडणीत दोष शोधत बसलो आणि आठ दिवसांची मुदत कधीच उलटून गेली.

शेवटी आमच्या गल्लीतल्या घड्याळवाल्या काकांकडे दोन्ही सुया घेऊन गेलो. त्यांना कार्ट्रिजचं काही ठाऊक नव्हतं, मी फक्त भिंग मागितलं होतं. पण त्यांनी स्वतःच डोळ्याला भिंग लावलं आणि वडिलांची सुई आधी पाहिली. "हा खडा पूर्ण आहे," म्हणाले, "आरपार उजेड दिसतो." मग दुसरी. बराच वेळ पाहत राहिले. "हा खडा नाही हो. ही धातूची खुंटी आहे, टोकाला टिकलीएवढा हिरा चिकटवलाय. आणि ही दांडी जुनीपेक्षा जाड आहे."

मग मीही पाहिलं. अगदी तसंच. करडी खुंटी, तिच्या टोकाला बारीकसा चमकता ठिपका, बुंध्याशी डिंकाचा ओघळ. दांडी चकचकीत ॲल्युमिनियमची, टोकाला चेपून चपटी केलेली. टाइप फाइव्हची बेरिलियमची नळी मंद करडी असते. पन्नास वर्षांपूर्वीच्या टाइप थ्रीच्या सुईचं काम डोळ्यांना दिसेल इतकं जास्त सफाईदार होतं. ही बाजारात हजार-दीड हजाराला मिळते तसली सुई.

फोन केला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "माझ्या घरी तुम्ही ऐकून गेलात. नंतर सुई तुम्ही बदलली नाहीत कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पावती नाही, सुईचा फोटो नाही, रोख रकमेचा कागद नाही. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तिथल्या हवालदारांनी सभ्यपणे ऐकून घेतलं आणि हेच तीन प्रश्न विचारले.

अशी वस्तू घेणार असाल तर डेमोच्या आधी सुई स्वतःच्या हाताने काढा आणि सराफी भिंगाखाली पाहा. दहापट भिंग काही शे रुपयांत मिळतं. भिंगावर मोबाइल टेकवून कँटिलिव्हर आणि टोक यांचा फोटो घ्या, विकणाऱ्याच्या समोर. ऐकून झाल्यावर सुई पुन्हा काढून त्या फोटोशी ताडून पाहा, डबीत स्वतः ठेवा आणि पैसे त्यानंतर द्या, रोख नकोतच. डबी आणायला कुणी आत जात असेल तर सुई तुमच्या हातात राहू द्या. कुणाचा अपमान होईल म्हणून गप्प राहू नका, मी तेवढ्यासाठीच गप्प राहिलो होतो.

"सीलबंद, ओरिजिनल, नवी सुई" असं कुणी सांगत असेल तर ती निदान २०१८ च्या आधीची आहे, आणि टाइप फाइव्हची असेल तर बरीच आधीची. आतलं रबर न वापरताही म्हातारं होतं. जपानच्या जिको कंपनीच्या पर्यायी सुया मिळतात, त्या स्वतःच्याच नावाने विकल्या जातात आणि घ्यायला काही हरकत नाही. मात्र त्या सुईसह कार्ट्रिज घेताना मूळ सुईचा भाव देऊ नका. अंगावरच्या नावावरून आवृत्ती ठरवू नका. झिजलेल्या सुयांमुळे रिकामी पडलेली अंगं भरपूर मिळतात.

हे सगळं विसरून पुढे जायचं ठरवलं होतं. पण गेल्या पंधरवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. टाइप फाइव्ह एमआर, या, ऐका, पटलं तरच घ्या. फोटोत तेच टर्नटेबल, मागे तीच निळी भिंत. ज्या सुईवर मी किशोरीताईंना ऐकलं, ती अजून त्याच घरात आहे आणि पुढच्या माणसाला ऐकवली जाणार आहे.