नेरूळच्या काकूंचा डबा: बंद ठेवलेल्या डब्याचे पैसे खरंच वजा होतात

दीड वर्ष झालं आम्हाला हा डबा लावून. मी आणि माझी रूममेट नेरूळ ईस्टला राहतो, दोघी महापेला जॉबला. काकूंचा नंबर इथे उघड टाकत नाहीये, घरी दोनच बायका आहेत स्वयंपाकाला आणि आत्ताच चाळीस डबे जातात, कोणाला हवा असेल तर मला मेसेज करा, काकूंना विचारून देते.

जेवणाबद्दल पटकन सांगते. पोळ्या मऊ, भाजी रोज वेगळी, आमटीला गोडा मसाला, बुधवारी उसळ. तेल कमी. पावसाळ्यात दोनतीनदा डबा तासभर उशिरा आला आणि कढीचं झाकण नीट बसत नाही म्हणून पिशवी दोनदा पिवळी झाली, ते सांगायला हवं. नाश्ता 45, जेवण 95, दोन्ही वेळचं घेतलं तर महिन्याला थोडं कमी होतं.

पण मी रिव्ह्यू लिहायला बसले ते सुट्टीच्या हिशोबासाठी. माझी रूममेट राजमहेंद्रीची, चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सची मेंबर आहे. लोक मॉर्मन म्हणतात, पण 2018 मध्ये त्यांचे त्यावेळचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी चर्चचं पूर्ण नावच वापरा असं सांगितलं तेव्हापासून ती पूर्ण नाव घेते, म्हणून मीही घेते. तर त्यांच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास असतो. सलग दोन वेळचं जेवण सोडायचं, साधारण चोवीस तास, आणि पाणीसुद्धा नाही. ती शनिवारी रात्री जेवते, प्रार्थना करून उपवास धरते आणि रविवारी रात्रीच सोडते.

आता यातला मुद्दा असा की जे दोन वेळचं जेवण वाचलं त्याचे पैसे स्वतःकडे ठेवायचे नाहीत. निदान तेवढे तरी गरिबांसाठी चर्चमध्ये द्यायचे, जमत असेल त्याने जास्त द्यायचे. त्यातून कोणाचं रेशन भरतात, कोणाचं थकलेलं घरभाडं, कोणाचं औषधपाणी. ती म्हणते हे दिल्याशिवाय उपवास पुरा होत नाही, बायबलमध्ये यशयाच्या 58 व्या अध्यायात लिहिलंय की भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं हाच देवाला आवडणारा उपवास. मला एकदम आमच्या गावची आजी आठवली, ती सणाच्या दिवशी आधी शिधा बाजूला काढून ठेवायची आणि मगच चूल पेटवायची.

आधी आमचा दुसरा डबा होता. तिकडे नियम असा की सलग तीन दिवस बंद ठेवला तरच पैसे वजा, एका रविवारचे नाही. म्हणजे जेवायचं नाही, डब्याचे पैसे भरायचे आणि वर दानाचे वेगळे काढायचे. ती काही न बोलता पगारातून काढायची, पण मला ते फार खटकायचं, न खाल्लेल्या डब्याचे पैसे कसले घेता? दोनदा फोनवर वाद घातला, उपयोग झाला नाही.

काकूंकडे पहिल्याच महिन्यात सांगितलं तर त्यांनी ती लांबडी वही काढली, कानावरची पेन्सिल घेतली आणि तिच्या नावापुढे लिहिलं, 'रवि. नाश्ता + दुपार, वजा 140'. बस्स. महिनाअखेरीला हिशोबात 140 कमी, एकदाही विसरल्या नाहीत. ती ते 140 आणि वरचे काही घालून पाकिटात भरते आणि रविवारी चर्चला जाताना घेऊन जाते. काकूंना हे कळलं तेव्हापासून त्या सुट्ट्या नोटाच हातात देतात, म्हणतात, "ज्याचे त्याला जाऊदेत गं, हिशोबात कशाला अडकवायचे."

पहिल्या महिन्यात मात्र गोंधळ झाला होता. उपवास म्हटल्यावर काकूंनी मायेनं रविवारी सकाळी साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, वर केळं असा फराळ पाठवला, पैसे न लावता. रूममेट खाली जाऊन हात जोडून म्हणाली, "काकू, पाणी पण नाही." काकू म्हणाल्या, "अगं मग हे आपल्या हरतालिकेसारखंच झालं की!" त्यांची हरतालिका वर्षातून एकदा, हिची दर महिन्याला. मग काकूंनी विचारलं की आजारी माणसाचं काय, काकांना शुगर आहे. ती म्हणाली आजारी, गरोदर बायका, बाळाला पाजणाऱ्या, लहान मुलं यांनी करायचा नसतो, जिवावर बेतेल असं काही नाही. मागे हिला व्हायरल झाला तेव्हा दिवसभर पाणी, पेज सगळं घेतलं आणि पैसे तेवढे दिले.

अजून एक, उपवासाच्या रविवारी चर्चमध्ये जी सभा असते तिथे ते पावाचा छोटा तुकडा आणि घोटभर पाणी घेतात प्रभुभोजन म्हणून, त्यानं उपवास मोडत नाही. त्या दिवशी ठरलेली भाषणं नसतात, ज्याला वाटेल तो उठून आपल्या श्रद्धेबद्दल बोलतो. पूर्वी ही उपवासाची सभा गुरुवारी असायची म्हणे, कामावर जाणाऱ्यांना जमेना म्हणून 1896 मध्ये रविवारी आणली. आमच्या घरात गुरुवार पाळणारे इतके आहेत की मला ते ऐकून खूप जवळचं वाटलं. आणि 27 जानेवारी 1985 ला इथिओपियाच्या दुष्काळासाठी अमेरिका आणि कॅनडातल्या मेंबर्सनी खास उपवास केला त्यात 60 लाख डॉलरच्या वर जमले. दोन वेळच्या जेवणाचे! मी तेव्हापासून काकूंच्या त्या 140 कडे वेगळ्या नजरेनं बघते.

रविवारी रात्रीचा डबा ही या सर्व्हिसची दुसरी मोठी गोष्ट. दिवसभर पोटात काही नसताना तिखट रस्सा उतरत नाही हे काकूंनी न सांगता ओळखलं. सातच्या आत मुगाची आसट खिचडी येते, वर तुपाची धार, वाटीत पातळ कढी, भाजलेला पापड. चहा पाठवत नाहीत कारण चहा कॉफी त्यांच्यात कधीच चालत नाही, उपवास असो नसो, त्याऐवजी कोकम सरबत. ती डबा समोर ठेवून डोळे मिटते, तेलुगूत हळू आवाजात प्रार्थना करते, मग आधी पाण्याचे दोन घोट. तोपर्यंत मीही थांबते.

प्रत्येक उपवासाला काहीतरी कारण धरतात, कोणाच्या आजारपणासाठी, कोणाच्या नोकरीसाठी. मार्चमध्ये काकूंच्या लेकीचे दिवस भरत आले होते, बीपी वाढलेलं, पेणला ॲडमिट. रूममेटनं वहीत वजा लिहून घेताना सांगितलं, "काकू, या वेळचा ताईंसाठी आहे." काकू पेन्सिल हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग 140 लिहिलं, पान मिटलं आणि आत गेल्या. त्या रात्रीच्या खिचडीबरोबर वाटीभर शिरा होता. लेक आणि नात दोघी आता नेरूळलाच आहेत, दुपारी डबा आणायला गेलं की नात काकूंच्या खांद्यावर असते.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या झाकणासाठी कापला. एकच लक्षात ठेवा, रविवारचा डबा बंद ठेवायचा असेल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत सांगा, शनिवारी पहाटे काकू भाजी आणायला जातात, त्यानंतर सांगितलं तर घेतलेली भाजी त्यांच्या अंगावर पडते.