वाळूवरचा तंबू: ७ महिने आणि २३ रात्री वापरल्यानंतर

एप्रिलमध्ये तंबू घेतला तेव्हाच ठरवलं होतं की लगेच काही लिहायचं नाही, अख्खा सीझन वापरायचा आणि मग लिहायचं. आता नोव्हेंबर लागलाय, तंबू धुऊन बाल्कनीत वाळत टाकलाय आणि सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढतेय. आम्ही दोघंच, मी आणि नवरा, न्यू जर्सीत एडिसनला राहतो. छोटी एसयूव्ही आहे, वर सामानाची बॅग बांधतो. या सात महिन्यांत तीनदा असाटीग बेटावर गेलो, दोनदा डेलावेअरच्या किनाऱ्यावर, आणि सप्टेंबरच्या शेवटी ९ रात्रींची मोठी ट्रिप केली, केप मेवरून फेरीबोटीने लुईस, तिथून खाली असाटीग, मग नॉर्थ कॅरोलायनातली हॅटरस आणि शेवटी ओक्राकोक ही बेटं. म्हणजे जवळजवळ सगळ्या रात्री अटलांटिकच्या वाळूवरच काढल्यात, जंगलात एकही नाही. तुम्ही डोंगरात जाणार असाल तर यातलं निम्मं तुमच्या कामाचं नाही.

तंबू चार माणसांचा म्हणून मिळतो, पण दोघं आणि दोन बॅगा एवढंच त्यात नीट मावतं. घुमटासारखा, फायबरग्लासचे दोन पोल, आतला भाग बराचसा जाळीचा, वरून पॉलिस्टरचा फ्लाय, म्हणजे पाऊस अडवणारं बाहेरचं कापड. १८० डॉलरला पडला.

सगळ्यात आधी पेगबद्दल, म्हणजे तंबूच्या दोऱ्या जमिनीत रोवायच्या खुंट्यांबद्दल, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे हे आम्हाला पहिल्याच रात्री कळलं.

मे महिना, असाटीगची समुद्राकडची साइट, म्हणजे तंबू ठोकायची जागा, मेरीलँडच्या बाजूची. हे बेट ३७ मैल लांब आणि अगदी अरुंद, एका बाजूला खाडी आणि एका बाजूला सरळ महासागर, मध्ये वाळूचे ढीग, आडोसा म्हणावा असं काही नाही. तंबूबरोबर आलेले पेग म्हणजे सात इंचाच्या तारा, टोकाला आकडा वळवलेला. वाळूत हाताने दाबले तरी सर्रकन गेले आणि आम्हाला वाटलं वा, काय सोपं आहे. रात्री दोनच्या सुमाराला वारा फिरला आणि वाढला, फ्लाय फडफडायला लागला, मग एक दोरी सुटली, मग दुसरी, आणि तंबूची एक बाजू आमच्या अंगावर आली. नवरा बाहेर धावला आणि ओरडतोय "अगं, पोल धर, पोल धर!", मी आतून दोन्ही हातांनी पोल धरून बसलेय, तोंडात वाळू, आणि तेवढ्यात कडकन आवाज आला. फायबरग्लास चिरला, लाकडाची ढलपी निघते तसा उभा. उरलेली रात्र गाडीत काढली.

कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की वाऱ्यात मोडलेला पोल वॉरंटीत बसत नाही. याचा मला आजही राग आहे, कारण खोक्यावर बीचचाच फोटो छापलाय आणि आत पेग मात्र मातीत ठोकायचे दिलेत. नवीन पोल २२ डॉलरचा, आम्ही या वेळी ॲल्युमिनियमचे दोन्ही घेतले.

आता कारण सांगते. मातीत बारीक पेग टिकतो कारण माती त्याला सगळीकडून धरून ठेवते. कोरड्या वाळूचे कण एकमेकांना धरतच नाहीत, त्यामुळे बारीक तार ओढली की सुरी लोण्यातून जाते तशी निघून येते. म्हणून वाळूला पेग लांब हवा आणि मुख्य म्हणजे रुंद हवा. आम्ही व्हीच्या आकाराचे १२ इंची पेग घेतले, आठ नग. वरची कोरडी वाळू हाताने वीतभर बाजूला सारायची, खालची ओलसर वाळू लागली की तिथून पेग घालायचा, डोकं तंबूपासून लांब कललेलं ठेवायचं. ओल्या वाळूचा आणि कोरड्या वाळूचा फरक एकदा हाताने ओढून बघाच, मला तर विश्वासच बसला नव्हता.

तरी चार कोपऱ्यांच्या मुख्य दोऱ्यांना पेग पुरत नाहीत. त्यासाठी आम्ही जे करतो ते आमच्याकडून बघून शेजारच्या साइटवाल्यांनी पण केलं. तांदळाच्या पिशव्या! देशी दुकानात १० पौंडाचा बासमती ज्या झिपच्या, कानांच्या पिशवीत येतो ती. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात त्या चार-पाच तरी पडलेल्या असतातच, टाकवत नाहीत. त्यात वाळू भरली की वजन जवळजवळ दुप्पट, २० पौंडाच्या आसपास होतं. दोरी दोन्ही कानांतून ओवायची, पिशवी आडवी हातभर खोल पुरायची, वर वाळू टाकून पायाने दाबायची. निघताना काढून खड्डा नीट बुजवायचा. येताना पिशव्या रिकाम्या, घडी घातली की वजन काहीच नाही. २३ पैकी गेल्या १७ रात्रींत ही पिशवी एकदाही हललेली नाही. दोरी कशालाही बांधा, पण ढिगावरच्या सी ओट्सच्या गवताला हात लावू नका, त्या मुळांनीच ती वाळू जागेवर राहते आणि तिथे ते तोडायला बंदी आहे.

खारं वारं काय करतं हे मला नवीन नव्हतं, मी मालवणची, आमच्या घरातले खिडक्यांचे गज दर गणपतीला रंगवावे लागतात. तरीही तंबूची झिप जुलैतच अडकायला लागली तेव्हा जीव चुकचुकला. दातांमध्ये मीठ आणि बारीक वाळू बसते, वर स्लायडर धातूचा, तो हिरवट होतो. घरी आल्यावर आम्ही तंबू बाथटबमध्ये नुसत्या गोड्या पाण्यात बुडवतो, झिपला जुना टूथब्रश फिरवतो आणि वाळल्यावर सिलिकॉनचा स्प्रे मारतो. साबण नाही, वॉशिंग मशीन तर अजिबात नाही, कारण फ्लायच्या आतल्या बाजूला जो पातळ थर असतो तो जातो. आणि ओला तंबू कधीच गुंडाळून ठेवू नका. तो थर दमटपणाने चिकट होतो, वास येतो, नंतर सालं निघतात, मग तो तंबू पाऊस अडवत नाही. आमच्या एका मित्राच्या तंबूचं हेच झालं, कपाटातून काढला तर घडी सुटेना.

पावसाचं म्हणाल तर बरा आहे, फक्त मागच्या कोपऱ्यातली शिवण ऑगस्टमध्ये गळली, सीलर लावला, थांबलं. पावसापेक्षा आतलं दव जास्त त्रास देतं. किनाऱ्यावर हवा एवढी दमट की पहाटे फ्लायच्या आतून थेंब ओघळतात, खाली दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या ठेवल्या की कमी होतं.

जाळी मात्र नीट बघून घ्या. साधी मच्छरदाणीसारखी जाळी दक्षिणेला चालत नाही, तिथे नो-सी-अम म्हणून किडे असतात, डोळ्याला जेमतेम दिसणारे, ते साध्या जाळीतून आरामात आत येतात आणि चावतात ते आठवडाभर खाजतं. आमच्या तंबूची जाळी बारीक आहे, या एका गोष्टीला मी पूर्ण मार्क देते.

गादीचं सांगायचं राहिलं. हवेची गादी ओक्राकोकला दुसऱ्याच रात्री बसली, कारण तिथल्या गवताची कुसळं, अगदी आपल्याकडच्या गोखरूसारखी, सॅंडल्सला चिकटून आत आली. आता तंबूच्या दाराबाहेर छोटी चटई आणि एक टब पाणी ठेवतो, पाय धुऊनच आत. वाळू पण कमी येते.

स्वयंपाक. दोन बर्नरचा प्रोपेनवाला स्टोव्ह, एक पौंडाच्या हिरव्या सिलेंडरचा. तीन बाजूंनी पत्रा आहे तरी वारा चौथ्या बाजूने येतोच, म्हणून तोंड गाडीकडे करून लावतो. तीन लिटरचा कुकर नेतो आणि मुगाच्या डाळीची खिचडी करतो. हॅटरसला एका संध्याकाळी शिट्टीच होईना, ज्योत सगळी बाजूला जातेय, २५ मिनिटांनी पहिली शिट्टी झाली आणि शेजारच्या तंबूतले काका दचकून बघायला आले, त्यांना पण वाटीभर दिली, वर तूप आणि लिंबाचं लोणचं. कितीही वारा असला तरी स्टोव्ह तंबूच्या आत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

घोड्यांबद्दल लिहायलाच हवं. असाटीगवर रानटी घोडे मोकळे फिरतात, साइटमध्येसुद्धा येतात, आणि निदान ४० फूट लांब राहायचा नियम आहे. जूनमध्ये आम्ही सकाळी पोहे करत होतो, टेबलावर ब्रेडचं पाकीट होतं, मी पाणी आणायला वळले आणि एक तपकिरी घोडी शांतपणे आली, पाकीट उचललं, प्लॅस्टिकसकट चावायला लागली. इतक्या जवळून तिच्या पापण्यांवरची वाळू दिसत होती. चूक पूर्ण आमची. माणसाच्या खाण्याची चटक लागलेले घोडे रस्त्यावर गाड्यांपाशी येतात आणि गाडीखाली येऊन मरतात, हे रेंजर बाईंनी सांगितलं तेव्हा मला खरंच खूप वाईट वाटलं. त्या दिवसापासून चहाचा डबासुद्धा काम झालं की गाडीत आणि गाडी लॉक. अंघोळीला तिथे थंडच पाणी आहे, मे महिन्यात हुडहुडी भरते.

मोठ्या ट्रिपमधली अजून एक अडचण सांगते, कोणी सांगत नाही. डेलमार्वा द्वीपकल्पावरून खाली जाताना चेसापीक बे ब्रिज-टनेल लागतो, १९६४ साली सुरू झालेला, साडेसतरा मैलांच्या वर लांब, मध्ये दोनदा समुद्राखाली जातो. वारा ताशी ४० मैलांच्या वर गेला की ज्यांच्या टपावर सामान आहे अशा गाड्यांना सोडत नाहीत. आम्ही अलीकडे गॅस स्टेशनवर थांबून टपावरची सगळी बॅग उतरवली, उश्या मांडीवर, कुकर पायाशी, आणि तसे गेलो. वाऱ्याचा अंदाज आदल्या दिवशी बघा.

हॅटरसच्या वाटेवर किल डेव्हिल हिल्सला राइट बंधूंचं स्मारक आहे, तिथे मी जेवढी थांबेन असं वाटलं होतं त्याच्या दुप्पट थांबले. ते दोघं ओहायोवरून इथे आले ते याच वाऱ्यासाठी आणि पडलं तरी लागू नये अशा मऊ वाळूसाठी. १९०० साली पहिल्यांदा आले तेव्हा जवळच्या किटी हॉकला तंबूतच राहिले होते आणि रात्री वारा सुटला की उठून तंबू धरून बसायचे, पुढच्या वर्षी डासांनी हैराण केलं. १७ डिसेंबर १९०३ ला पहिलं उड्डाण १२ सेकंद आणि १२० फुटांचं, त्याच दिवशी चौथं ५९ सेकंद आणि ८५२ फुटांचं. ही अंतरं दाखवणारे दगड तिथे मैदानात रोवलेत. मी पहिल्या दगडापर्यंत चालत गेले, चाळीसेक पावलं भरली. आणि चौथ्या उड्डाणानंतर जमिनीवर उभं असलेलं विमान वाऱ्याच्या झोताने उलटंपालटं होऊन मोडलं. नवरा तो फलक वाचून माझ्याकडे बघून म्हणाला, "आपला तर एक पोलच गेला गं."

हॅटरसचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ १८७० सालचा, समुद्र पायथ्याशी आला म्हणून १९९९ मध्ये अख्खाच्या अख्खा २९०० फूट आत सरकवला. तिथून थोडं उत्तरेला रोडांथे गावात गेल्या काही वर्षांत घरंच समुद्रात पडतायत, म्हणून त्या बाजूला पुळणीवर अनवाणी चालू नका, लाकडात खिळे असतात.

हॅटरसवरून ओक्राकोकची फेरीबोट गाडीसकट फुकट, तासभर लागतो. साइट गावापासून चार मैल, ढिगांच्या मागे. उन्हाळ्यात तिथे वारा जास्त करून नैऋत्येचा, सप्टेंबर संपताना ईशान्येचा सुटतो, म्हणून तंबूची बुटकी बाजू ईशान्येला केली, चार तांदळाच्या पिशव्या, आठ पेग, दोऱ्या ताणून. तिसऱ्या रात्री खरंच जोराचा आला. मी जागीच होते, मे महिन्यातली रात्र आठवून. पोल वाकत होते आणि परत सरळ होत होते, फ्लायचा आवाज शिडासारखा, पण कापड हातभर पण जागचं हललं नाही, आणि बाजूला नवरा घोरत होता. मी उठून टॉर्च मारून एकेक दोरी बघून आले, सगळ्या तशाच ताठ. मग वर बघितलं तर एवढे तारे, लहानपणी वीज गेल्यावर आजीच्या खळ्यात झोपायचो तेव्हा बघितलेले.

घ्यायचा असेल तर घ्या, पण सोबतचे पेग घरीच ठेवा आणि पोल ॲल्युमिनियमचे असतील तोच घ्या, वीस-तीस डॉलर जास्त गेले तरी. लाकडं घरून नेऊ नका, न्यू जर्सीतून निघताना लँटर्नफ्लाय या झाडं खाणाऱ्या किड्याची अंडी गाडीला आणि खुर्च्यांना चिकटलेली नाहीत ना हे बघा, लाकडं तिथेच विकत मिळतात. बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि असाटीगच्या समुद्राकडच्या साइट्स शनिवार-रविवारच्या लगेच जातात, आम्ही मधल्या वाराच्या घेतो.

आमचं पुढच्या मे महिन्याचं बुकिंग याच महिन्यात उघडतंय, त्याआधी दोन पेग जास्तीचे घ्यायचेत, १८ इंची, आणि तांदूळ संपवायचाय, एक पिशवी कानाशी उसवलीये.