पेढे, हळद की बेदाणे? लग्नात पाहुण्यांच्या हातावर काय ठेवायचं

आधी मान आणि भेट या दोन गोष्टी वेगळ्या करा. टॉवेल, टोपी, नारळ हा मान. मामा, चुलते, भावकीतले थोरले यांचा. ती टोपी कुणी घालत नाही आणि पुढच्या लग्नात ती दुसऱ्याच्याच डोक्यावर दिसते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी मांडवात नाव पुकारून ती ठेवली नाही, तर दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. त्यामुळे "जुनाट आहे, बंद करू" म्हणणाऱ्या पोरांचं इथं ऐकू नका. प्रश्न उरतो तो जेवून निघणाऱ्या बाकी मंडळींचा.

साताऱ्याकडचं लग्न असेल तर कंदी पेढ्याशी स्पर्धा नाही. खवा चांगला खरपूस भाजलेला, साखर बेताची, त्यामुळे पांढऱ्या पेढ्यापेक्षा तो जास्त टिकतो. अडचण वजनाची आणि वेळेची. 400 कुटुंबांना पाव-पाव किलो म्हटलं की 100 किलो झाले, आणि ते आदल्या दिवशीच उचलावे लागतात. कोमट असताना डब्यात भरले तर मे महिन्यात बुरशी ठरलेली. सांगलीत लग्न असताना सव्वाशे-एक किलोमीटरवरून पेढे आणायचा हट्ट मी तरी करणार नाही.

सांगलीकरांनी घरचंच बघावं. इथल्या बेदाण्याला 2016 मध्ये आणि हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्ही महिनाभर आधी घेऊन ठेवता येतात, आणि निम्मी धावपळ तिथंच वाचते. बेदाणा 15 किलोच्या बॉक्समध्ये येतो. 100 ग्रॅमची पुडी केली तर 400 घरांना तीन बॉक्स पुरून वर थोडा उरतो. नवा माल मार्चपासून यायला लागतो, म्हणजे उन्हाळी लग्नाला ताजा मिळतो. घेताना नुसत्या हिरव्यागार रंगावर भाळू नका. गंधकाच्या धुरीनं रंग खुलतो, चव नाही. चार दाणे तोंडात टाका. चिकट, ओलसर वाटला तर तो पुडीत गोळा होणार. पारदर्शक पिशव्या आठवडाभर उजेडात ठेवल्या तर तो काळवंडतो, तेवढं सांभाळा.

तरी माझं मन हळदीकडे जातं. पूड मात्र नको. आमच्या घरच्या एका लग्नात पिशवीची शिवण उसवली आणि व्याह्यांचा पांढरा सदरा दुसऱ्यांदा हळदीला बसला! त्यांनी हसून घेतलं, आम्हाला मात्र जेवण गेलं नाही. त्यापेक्षा अख्खी हळकुंडं द्या. सांडत नाहीत, लवकर खराब होत नाहीत, आणि लग्नाच्या कंकणात हळकुंड असतंच, त्यामुळे अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. तोटा एकच: फ्लॅटमध्ये राहणाऱ्या सुना ती कुटणार कशात? खणाच्या छोट्या पिशवीत पाच-सहा हळकुंडं घातली की निदान देवघरात तरी राहतात.

हळदीत एक अवघड जागा आहे. ओटीसारखी बायकांनाच हळद दिली, तर विधवा मावशीसमोर येताच देणारीचा हात थबकतो. मी तो थबकलेला हात पाहिलाय. म्हणून पिशवी घरटी एक, बाई-पुरुष न बघता, दारात सगळ्यांना सारखीच.

स्टीलच्या वाटीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. वधूवरांचं नाव घातलं तर ती कुणाला पुढे देता येत नाही, न घातलं तर कुणी दिली हे महिन्यात विसरतं. रोपं दिसायला छान, पण एसटीनं विट्याला जाणाऱ्या आजीच्या हातात कुंडी देऊन बघा.

आणि काहीही ठरवा, वाटप जेवणाआधी करू नका. निम्म्या पिशव्या खुर्च्यांखाली सापडतात. विडा देतात तिथंच, बाहेर पडायच्या दारात, हिशेब ठेवणारा एक भाचा उभा करा.