बिडी सुटली म्हणून पेढे वाटले अन् लघवीच्या तपासणीत पकडलो गेलो

साकोलीकडचं गाव आमचं, कृषी केंद्राचं दुकान आहे, म्हणजे दिवसभर खुर्चीत बसणं अन् बिडी ओढणं हेच काम. वजन १३८ किलो, उंची साडेपाच फूट, शुगर आहे, रात्री घोरता घोरता श्वास अटकते म्हणून नाकाला मशीन लावून झोपतो. नागपूरच्या डॉक्टरनं वजन कमी करायचं ऑपरेशन सांगितलं, ते स्लीव्हवालं, जठराचा मोठा भाग कापून केळ्याएवढी नळी ठेवतात. पण त्यांची अट होती, आधी किमान सहा हप्ते तंबाखू पूर्ण बंद, कोणत्याही रूपात नाही. कारणही नीट सांगितलं, पोट कापून तिथं स्टेपलरच्या पिना मारतात, ती शिवण भरायला रक्त पाहिजे अन् निकोटीननं बारीक नसा आवळतात, शिवण उसवून गळती लागली तर जिवावर बेतते, शिवाय पायात रक्ताच्या गुठळ्या, फुप्फुसात इन्फेक्शन वगैरे. "ऑपरेशनच्या आधी लघवीत कोटिनिन, म्हणजे निकोटीनपासून शरीरात बनणारा पदार्थ, तपासतो, तेव्हा मला खोटं सांगून फायदा नाही," असंही म्हणाले.

मी हो म्हटलं. आता आमच्याकडं तेंदूपत्त्याचा हंगाम अख्ख्या गावाचा, पानठेल्यावर गेलं की कोणी बिडी पुढं करते कोणी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटून राहिला असते, आणि वीस वर्षं रोजची दीड बंडल ओढणारा माणूस मी. तीन दिवस ट्राय केलं, चौथ्या दिवशी दुकानाच्या मागं जाऊन ओढली.

त्याच रात्री मोबाईल पाहून राहिलो होतो तर फेसबुकवर जाहिरात आली, २१ दिवसांत बिडी-सिगारेट-खर्रा कायमचा बंद, शंभर टक्के हर्बल, फरक नाही पडला तर पैसे परत. नाव-नंबर भरला. पाच मिनिटात फोन. अर्धं हिंदी अर्धं मराठी, स्वतःला डॉक्टर म्हणवणारा, आवाज एकदम गोड. आणि मी येडा, त्याला सगळं सांगून बसलो, ऑपरेशन आहे, तपासणी आहे, सहा हप्ते आहेत. तिथूनच त्यानं मला पकडलं. म्हणे दादा, आमचा कोर्स केलेले पेशंट त्या तपासणीत शंभर टक्के पास होतात, तुम्ही उशीर केला तर तारीख जाईल. माझीच भीती मलाच विकली त्यानं.

पहिलं पार्सल २८०० चं, पैसे डिलिव्हरीवर. आत काळपट मंजनाच्या तीन डब्या. वरून पानाचं चित्र अन् "हर्बल" एवढंच. बॅच नंबर नाही, लायसन नंबर नाही, कुठं बनवलं त्याचा पत्ता नाही, आत काय काय घातलं त्याची यादी नाही. मी खताच्या पोत्यावरचा लॉट नंबर शेतकऱ्याला वाचून दाखवणारा माणूस, अन् तोंडात घालायच्या वस्तूचं लेबल पाहिलं नाही. तलफ आली की बोटावर घेऊन हिरड्यांना घासायचं, दहा मिनिटं ठेवायचं, असं सांगितलं होतं.

आणि खरं सांगतो, काम केलं ना भाऊ त्यानं! बिडीची आठवणच येईना, चिडचिड नाही डोकं दुखणं नाही, सकाळी पोट साफ, मी तर दुकानात पेढे वाटले. डबी लवकर संपायला लागली तर त्यानं "स्ट्राँग कोर्स" म्हणून ४६०० चा माल दिला, यावेळी फोनवरून पैसे टाकायला लावले, मग तपासणीच्या आधी शरीर साफ करायचा डिटॉक्स म्हणून आणखी ३०००. एकूण १०,४००. धानाचे चुकारे आले होते तेव्हा, हातात पैसा खेळून राहिला होता.

सहा हप्त्यांनी नागपूरला गेलो. रिपोर्ट पॉझिटिव्ह, तोही चांगलाच. डॉक्टरनं आधी विचारलं, निकोटीनचं च्युइंगम किंवा पट्टी लावता का, त्यानंही येते. मी म्हटलं नाही साहेब, काहीच नाही. मग ते काही बोलले नाही, तारीख कॅन्सल. बायको शेजारी बसली होती, तिनं फक्त माझ्याकडं पाहिलं. शंभर किलोमीटर एसटीत एक शब्द नाही, घरी आल्यावर म्हणाली, "खरं सांगा, ठेल्यावर जाता न?" पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली तरी ती माझ्या शर्टाचे खिसे हुंगायची. पैसे गेल्यापेक्षा हे जास्त लागलं, कारण ४२ दिवस मी खरंच एक बिडी ओढली नव्हती.

उलगडा केला आमच्या आत्यानं. ती गोंदियाहून आली होती, मी अंगणात मंजन घासत बसलो तर म्हणाली, "अन इकडं ते." बोटावर घेतलं, हुंगलं, अन् हसायलाच लागली. "बापू, हे तं गुडाखू होय. येवढे पैसे कायले देल्ले, आमच्याकडं तं चिल्लरमंदी भेटते." ती स्वतः चाळीस वर्षांपासून गुडाखू घासते, तंबाखू अन् गूळ, तिला कोण फसवणार. म्हणजे तलफ गेलीच नव्हती, बिडीची जागा डबीनं घेतली होती.

त्या दिवशी डबी बंद केली. दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं, डोकं ठणकणं, झोप नाही, गिऱ्हाईकावर खेकसणं, तेव्हा कळलं की तंबाखू आता कुठं सुटून राहिला आहे. तीन दिवस लय बेकार गेले. १८०० ११२ ३५६ ही सरकारची फुकट लाईन आहे तंबाखू सोडायची, तिच्यावर बोललो, तिथली बाई तलफेच्या वेळी काय करायचं ते धीरानं सांगत होती अन् पुन्हा फोनही केला, अन् एक रुपया मागितला नाही. तीन हप्त्यांनी परत तपासणी केली, निगेटिव्ह. डॉक्टरला डबीची गोष्ट सांगितली तर म्हणाले, निकोटीन थांबलं की कोटिनिन काही दिवसांतच उतरते, तुमचं उतरत नव्हतं कारण रोज भरत होते. बायकोनं तो रिपोर्ट दोनदा वाचला.

१९३० या ऑनलाईन फसवणुकीच्या सरकारी लाईनवर तक्रार केली, तक्रारीचा नंबर मिळाला, पण ती लाईन पैसे गेल्या गेल्या लावली तर उपयोगाची, मी महिन्याभरानं लावली. वर त्या "डॉक्टर"चा परत फोन, रिफंड मंजूर झाला आहे फक्त ९९९ प्रोसेसिंग फी भरा. लाज वाटते सांगायला, पण ॲप उघडलं होतं मी. बायकोनं हातातून मोबाईल घेतला.

आता पोळ्यानंतरची तारीख भेटली आहे. एक सीलबंद डबी पुराव्यासाठी कपाटात ठेवली आहे. आत्या जाताना म्हणे, "तुले घासाची नसन तं मले दे न."