उसात बिबट्याची पिल्लं सापडली: जागेवर ठेवायची की केंद्रात पाठवायची?

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की हा पेच दर हंगामात कुणाच्या तरी बांधावर येतोच. सरीत मांजराएवढी दोन-तीन पिल्लं, कोयते थांबलेले, मोबाइल बाहेर निघालेले आणि मुकादम वैतागलेला. टोळीची मजुरी टनावर, तेव्हा त्याचा वैताग रास्तच. तरी माझं मत आधीच सांगतो: पिल्लं धडधाकट असतील तर जागेवरच.

जागेवर म्हणजे नुसतं टाकून द्यायचं नव्हे. वनखात्याची माणसं आणि डॉक्टर येऊन तपासतात, गोचिड काढतात, कातडीखाली मायक्रोचिप बसवतात. दिवस मावळला की सापडली त्याच सरीत क्रेटमध्ये ठेवतात, शेजारी ट्रॅप कॅमेरा. अंधार पडल्यावर मादी येते, क्रेट कलंडवते आणि पिल्लू मानेला धरून उचलते. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, असं छातीठोक सांगणारे प्रत्येक गावात असतात. चिप लावलेलं पिल्लूसुद्धा ती नेते, मग हाताच्या वासाचं काय घेऊन बसलात! तोटा एकच, तेवढ्या तुकड्यातली तोड एक-दोन दिवस अडते. पण पिल्लं हलवली तर बिथरलेली मादी तिथंच घिरट्या घालते, आणि सकाळी त्याच उसात वाकायचं असतं टोळीतल्या बायामाणसांना.

माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र पाय मोडलेल्या, पाचटात भाजलेल्या किंवा आई मेलेल्या पिल्लांसाठी. तिथं उपचार होतात, जीव वाचतो. मात्र बिबट्याचं पिल्लू दीडेक वर्ष आईमागे हिंडून शिकार शिकतं, ते शिक्षण पिंजऱ्यात कोण देणार? बाटलीवर वाढलेल्याला माणसाची भीती राहत नाही. मोठा झाल्यावर त्याला रानात सोडणं त्याच्याही जिवावर आणि गावाच्याही. त्यामुळे अशांचा जन्म बहुधा पिंजऱ्यातच सरतो. खरचटण्यासारख्या जखमेसाठी ही किंमत फार झाली. ती बांधावर धुऊन, औषध लावून संध्याकाळी परत ठेवता येते.

घरी नेऊन गाईचं दूध पाजणं हा पर्यायच नाही. पिल्लाला हगवण लागते, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत असल्याने तुमच्यावर गुन्हा दाखल होतो.

पुष्कळदा ही पिल्लं रानमांजराची निघतात. तरी वागायचं तसंच: हात न लावता मागे सरायचं, तोड दुसऱ्या टोकाला न्यायची, वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करायचा.

पहिल्या रात्री मादी आली नाही तर दुसऱ्या संध्याकाळी क्रेट पुन्हा त्याच जागी ठेवतात. आणि सकाळी एक पिल्लू गेलेलं, एक क्रेटमध्येच दिसलं, तर उचलायची घाई नको. ती एकेकच नेते.